पंखा आवाज करतोय किंवा हळू फिरतोय: कंडेन्सर घ्यायला जाण्याआधी काय, कोणत्या क्रमानं तपासायचं

पंखा हळू झाला की कंडेन्सर बदलायचा आणि आवाज करायला लागला की वरून तेल सोडायचं, ही आपल्याकडची ठरलेली पद्धत. मार्च उजाडला की कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत "मालक, पंखा फिरंना झालाय, एक कंडेन्सर द्या" हे सारखं ऐकू येतं. किती एमएफडीचा (म्हणजे किती क्षमतेचा), असं मालकांनी विचारलं की गिऱ्हाईक गप्प. कधी खरोखर कंडेन्सरच गेलेला असतो आणि काम होऊन जातं. पण दोष रेग्युलेटरमध्ये, व्होल्टेजमध्ये किंवा बेरिंगमध्ये असेल, तर पैसे जातात आणि पंखा तसाच राहतो. मग "जरा मोठा टाकून बघू" म्हणून जास्त क्षमतेचा कंडेन्सर बसतो आणि धडधाकट वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) तापून जातं.

लोक चुकतात ते क्रमात. म्हणून खाली आधी जमिनीवर उभं राहून करायच्या तपासण्या दिल्या आहेत, मग शिडीवरच्या, आणि पंखा खाली उतरवणं सगळ्यांत शेवटी. एकेक पायरी पूर्ण करा, पंखा चालवून बघा, मगच पुढं जा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं फरक पडला ते कळत नाही.

हे सगळं नेहमीच्या, कंडेन्सर असलेल्या छताच्या पंख्याबद्दल आहे. रिमोटवर चालणाऱ्या बीएलडीसी पंख्याला हा कंडेन्सर नसतो. तो हळू चालत असेल तर एवढंच बघा, की त्याच्या लाइनमध्ये जुना रेग्युलेटर राहून गेलाय का. राहिला असेल तर वायरमनकडून काढून घ्या, कारण त्यानं पंख्याचं सर्किट खराब होतं. बाकी दुरुस्ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची.

## १. तयारी

टेस्टर, स्क्रूड्रायव्हर, पक्कड, पाना, कापड, चिकटपट्टी, एक सरळ काठी आणि मल्टिमीटर एवढं जवळ ठेवा. मल्टिमीटर घेताना कंडेन्सर मोजायची सोय असलेलाच घ्या. चढायला घोडा (स्वतःच्या पायांवर उभी राहणारी शिडी) हवा. पलंगावर स्टूल आणि स्टुलावर पाट असली रचना करू नका. खाली घोडा धरायला एक माणूस पाहिजेच.

पंख्याला हात लावण्याआधी एमसीबी (मेन बोर्डातला त्या लाइनचा स्विच) पाडा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत वायरिंगवर इतक्या वेळा हात फिरलेला असतो, की बटण फेजऐवजी न्यूट्रलवर निघू शकतं. अशा वेळी बटण बंद असूनही पंख्याच्या वायरीत करंट असतो.

तपासा: टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये घालून तो पेटतो याची खात्री करा, मग पंख्याच्या कनेक्टरमधली प्रत्येक वायर तपासा. बिघडलेला टेस्टर कुठंच पेटत नाही, आणि माणूस "करंट नाही" असं समजून हात घालतो.

## २. बटण बंद करून ऐका

ही सगळ्यांत महत्त्वाची तपासणी आहे. तिला एक पैसा लागत नाही, आणि नेमकी तीच कुणी करत नाही.

पंखा पाचवर पूर्ण वेगात येऊ द्या. घरातला टीव्ही, मिक्सर बंद करा. आता बटण बंद करा आणि पंखा आपोआप थांबेपर्यंत कान देऊन ऐका.

बटण बंद करताक्षणी आवाज गेला आणि पंखा शांतपणे फिरत राहिला, तर दोष विजेचा आहे: रेग्युलेटर, व्होल्टेज, इन्व्हर्टर, कंडेन्सर किंवा वाइंडिंग. असला आवाज बहुधा एकसुरी "गूंऽऽ" असा असतो.

बटण बंद केल्यावरही आवाज चालू राहिला आणि वेगाबरोबर कमी होत गेला, तर दोष यंत्राचा आहे. आता आवाजाची जात ओळखा. प्रत्येक फेरीला एकदाच "टक्" होत असेल तर सैल स्क्रू किंवा काहीतरी घासतंय. सलग "खर्रर्र" किंवा "घर्रर्र" असेल तर बेरिंग. वरून, छताजवळून "कुई-कुई" येत असेल तर टांगणीचा रबरी बुश किंवा हुक.

आवाज दोन्ही प्रकारचा असू शकतो. तसं असेल तर आधी यंत्राचा दोष काढा, मग पुन्हा ऐका.

हळू फिरण्याचंही असंच आहे. एमसीबी पाडून पात्याला काठीनं हलकी ढकल द्या. चांगला पंखा सैलपणे फिरतो आणि हळूहळू थांबतो. दोन-तीन फेऱ्यांत अडखळून गपकन थांबला तर बेरिंग आवळलेलं आहे, तिथं कंडेन्सर बदलून काही होणार नाही. मोकळा फिरतोय, पण करंटवर हळू आहे, तर पुढच्या पायरीवर या.

वेग नजरेनं ठरवू नका. एका पात्याच्या खालच्या बाजूला रंगीत चिकटपट्टी लावा, मोबाइलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढा आणि खऱ्या ५ सेकंदांतल्या फेऱ्या मोजून त्यांना १२ नं गुणा. १२०० मिलिमीटरचा साधा पंखा पाचवर मिनिटाला साधारण ३५०च्या आसपास फेऱ्या घेतो. हा आकडा लिहून ठेवा, म्हणजे दुरुस्तीनंतर खरंच फरक पडला की तसं नुसतं वाटलं, ते कळेल.

## ३. व्होल्टेज, इन्व्हर्टर, रेग्युलेटर

घरातले सगळेच पंखे संध्याकाळी हळू होत असतील तर एकाही पंख्याला हात लावू नका. सॉकेटमध्ये मल्टिमीटर लावून व्होल्टेज बघा. आपल्याकडं ते २३० असायला हवं. पंख्याच्या मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, म्हणून २३० चे २०० झाले तर जोर पाऊणपटीवर येतो. करवीर, पन्हाळ्याकडच्या गावांत शेतीपंप सुरू झाले की पंखा मंदावतो त्याचं कारण हे. यावर कंडेन्सर हा इलाज नाही.

सावध: एका खोलीतले दिवे प्रखर आणि दुसऱ्या खोलीतले मंद होत असतील तर न्यूट्रल सैल झालेला असू शकतो. मेन स्विच बंद करा. आधी वायरमनला बोलवा, आणि दोष खांबाकडचा असेल तर १९१२ वर तक्रार द्या. अशा स्थितीत टीव्ही-फ्रिजही जळतात.

आवाज फक्त लाइट गेल्यावर येत असेल तर पंखा ठीक आहे. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर साधा पंखा गुणगुणतोच.

आता रेग्युलेटर. डब्यासारखा जुना रेग्युलेटर असो की टप्प्याटप्प्यानं फिरणारा नवा, पाच नंबरवर पंख्याला सरळ लाइन मिळते. त्यामुळं पंखा पाचवरही हळू असेल तर रेग्युलेटरवर संशय कमी. पाचवर चांगला, पण दोन-तीनवर फिरतच नाही किंवा सगळ्या नंबरांना एकच वेग, असं असेल तर रेग्युलेटर गेला. टप्पे नसलेला, दिव्याच्या डिमरसारखा सरकत फिरणारा रेग्युलेटर कमी वेगाला "गूं" आवाज आणतो. तो बदलून टप्प्यांचा बसवला की बहुतेक वेळा आवाज जातो.

खात्री करायची तर एमसीबी पाडून दुसऱ्या खोलीतला चांगला रेग्युलेटर इथं लावून बघा. दुकानात जाण्याआधी हे करा.

## ४. पाती

दिवाळीच्या साफसफाईनंतर पंखा डुलायला लागला, ही तक्रार दरवर्षीची आहे. पुसताना पातं वरून दाबलं जातं आणि पात्याची पट्टी किंचित वाकते. पुसताना एक हात पात्याखाली आधाराला ठेवा आणि दुसऱ्यानं साबणाच्या ओल्या कापडानं पुसा. स्वयंपाकघराजवळच्या पंख्यावर फोडणीचा तेलकट थर बसतो, त्यावर धूळ चिकटते, आणि ती सगळ्या पात्यांवर सारखी नसते. नुसत्या या मळानंही पंखा डुलतो आणि वारा कमी लागतो. म्हणून आधी पुसून चालवून बघा.

अजून डुलतोय? एमसीबी पाडा आणि पात्यांचे सगळे स्क्रू आवळा. प्रत्येक पात्याला सारखेच स्क्रू आणि सारखेच वॉशर आहेत ना, ते मोजा. रंगकामानंतर एखादा वॉशर हमखास हरवलेला असतो. मग काठी उभी धरून तिचं टोक एका पात्याच्या टोकाला लावा. काठी न हलवता पंखा हातानं फिरवा आणि बाकीची पाती त्याच उंचीवरून जातात का ते बघा. तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर त्या पात्याची पट्टी वाकलेली आहे. थोडी वाकलेली पट्टी हातानं हळूच सरळ होते. पक्कड लावून पिळलीत तर ती मोडायला टेकते.

एकच पातं नवीन आणून बसवू नका. तिन्ही पाती कारखान्यात वजनानं जुळवून दिलेली असतात. बदलायची तर तिन्ही बदला.

तपासा: पंखा जोरात फिरतोय पण वारा खाली येत नाही? फिरण्याच्या दिशेला पात्याची पुढची कड वर आणि मागची कड खाली असली पाहिजे. उलट असेल तर एकतर पाती उलटी बसलीत किंवा पंखा उलटा फिरतोय. आपल्याकडचे छताचे पंखे खालून पाहिल्यावर घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात.

## ५. टांगणी

वरचा कप सैल करून रॉडवर खाली सरकवा. आता हुक, शॅकल (हुकात अडकणारी लोखंडी कडी), रबरी बुश, बोल्ट आणि त्याची स्प्लिट पिन (बोल्ट निसटू न देणारी दुपाखी पिन) दिसेल. रबरी बुश कडक होऊन चिरलेला असेल तर बदला. छताकडून येणारी कुई-कुई आणि स्लॅबभर पसरणारी घरघर यानंच जाते. कपाची कड रॉडला किंवा छताला घासत असेल तर फेरीगणिक खसखस येते. कप एक बोटभर मोकळा ठेवून पुन्हा आवळा. खालचा कपही मोटरच्या अंगाला टेकत नाही ना, ते बघा.

पेठेतल्या वाड्यांत पंखा तुळईला टांगलेला असतो आणि वर माळ्याच्या फळ्या असतात. तिथं पंख्याची बारीक गुणगुण फळ्या मोठी करतात. पंख्यात दोष नसतानाही रात्री आवाज मोठा वाटतो तो यामुळं. इथं हुक लाकडात नुसता पिळून बसवलेला असेल तर तो काढा. तुळईच्या आरपार बोल्ट आणि वर लोखंडी पट्टी, अशीच टांगणी हवी.

सावध: स्प्लिट पिन नसेल, किंवा तिच्या जागी बाइंडिंगची तार पिळलेली असेल, तर ती बदलेपर्यंत पंखा एक रात्रसुद्धा चालवू नका. शॅकलला एक पिन असते आणि रॉड जिथं मोटरला जोडतो तिथं दुसरी. दोन्ही बघा.

## ६. कंडेन्सर

आता कंडेन्सर. त्याची लक्षणं ठरलेली आहेत. पंखा हातानं मोकळा फिरतो, व्होल्टेज बरोबर आहे, तरी पाचवरही हळू. किंवा बटण दाबल्यावर नुसता गुणगुणतो आणि काठीनं ढकलला की सुरू होतो, आणि ज्या दिशेला ढकलाल त्या दिशेला फिरतो. (ही चाचणी लाकडी काठीनं, लांबून, एकदाच. अडकलेला पंखा चालू ठेवला तर वाइंडिंग तापतं.)

१. एमसीबी पाडा, टेस्टरनं तपासा, वरचा कप खाली घ्या. काही पंख्यांत कंडेन्सर खालच्या कपात असतो.

२. वायरी सोडण्याआधी मोबाइलवर दोन बाजूंनी फोटो काढा.

३. कंडेन्सरच्या दोन टोकांना फिलामेंटच्या जुन्या बल्बच्या होल्डरच्या वायरी क्षणभर टेकवा, म्हणजे त्यात उरलेला चार्ज निघून जाईल. एलईडी दिवा इथं चालत नाही.

४. मल्टिमीटरनं मोजा. अंगावर २.५ लिहिलंय आणि मीटर १.७ दाखवतोय, तर दोष सापडला. लिहिलेल्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी भरला तर बदलाच. फुगलेला किंवा डांबर गळालेला कंडेन्सर मोजायचीही गरज नाही.

५. नवा घेताना जुना बरोबर न्या. आकडा तोच हवा आणि ४४० व्होल्टचाच हवा. छताच्या पंख्यांना बहुधा २.२५, २.५ किंवा ३.१५ चे कंडेन्सर असतात.

६. जुन्या दोन वायरी जिथं होत्या तिथंच नव्या दोन जोडा. या कंडेन्सरला प्लस-मायनस नसतं, त्यामुळं कुठली वायर कुठं याची भीती नको. मात्र मोटरच्या वायरींची आपसात अदलाबदल झाली तर पंखा उलटा फिरतो. कंडेन्सर बदलल्यावर वारा गायब झाल्याची तक्रार असते ती याचीच. फोटो बघून दुरुस्त करा.

७. जोड कनेक्टरमध्ये घट्ट करा. नुसतं पिळून टेप मारला तर उष्णतेनं टेप सुटतो आणि जोड आत ठिणगी मारतो.

२.५ च्या जागी ३.१५ किंवा ४ बसवला तर सुरुवातीला पंखा जोरात वाटेलही. पण स्टार्टिंगच्या वाइंडिंगमधून ठरवल्यापेक्षा जास्त करंट जातो, मोटर गुणगुणते, तापते, आणि एखाद्या उन्हाळ्यात जळका वास येतो. हे कुणी कितीही खात्रीनं सुचवलं तरी ऐकू नका.

तपासा: पुन्हा चिकटपट्टी लावून फेऱ्या मोजा आणि आधीच्या आकड्याशी ताडून बघा.

## ७. बेरिंग

सलग खरखर असेल आणि बटण बंद केल्यावरही ती राहत असेल, तर पंखा उतरवायचा. वरून तेल, डब्ल्यूडी-४० किंवा खोबरेल सोडू नका. छताच्या पंख्यात दोन्ही बाजूंनी पत्र्याची झाकणं असलेली बेरिंग असतात, तेल आत नीट पोचत नाही. ते ओघळून वाइंडिंगवर उतरतं, त्यावर धूळ बसते. आवाज चार दिवस कमी वाटतो आणि पुन्हा येतो.

उतरवताना आधी पाती काढा, मग वायरी सोडा, मग दोघांनी मिळून मोटर रॉडसकट हुकातून काढा. जमिनीवर घेतल्यावर वरचं आणि खालचं झाकण जिथं जुळतं तिथं छिन्नीनं किंवा मार्करनं खूण करा. ही खूण केली नाही तर झाकण वेगळ्या भोकांवर बसतं आणि चांगल्या बेरिंगवरही पंखा घासतो.

झाकणाचे स्क्रू काढून लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्या. आत वाइंडिंगचा गाभा शाफ्टवर पक्का असतो आणि बाहेरचं कवच फिरतं. झाकण उचलताना बेरिंगच्या खोबणीतून एक पातळ, नागमोडी वॉशर पडतो. तो लगेच डबीत ठेवा. परत बसवायला विसरलात तर शाफ्टला वर-खाली खेळ राहतो आणि नवीन बेरिंगवरही पंखा सुरू होताना "टक्" वाजतो.

बेरिंगचा नंबर त्याच्या कडेवर कोरलेला असतो, बहुधा ६२०१ आणि ६२०२. अंदाजानं नंबर सांगू नका. जुनं बेरिंग खिशात घालून उद्यमनगरातल्या बेरिंगच्या दुकानात जा आणि चांगल्या कंपनीचं, दोन्हीकडून झाकणाचं घ्या. एक गेलं असेल तर दोन्ही बदला, पंखा उतरवण्याचे कष्ट दुप्पट करू नका.

जुनं बेरिंग पुलरनं (बेरिंग ओढून काढायच्या अवजारानं) काढा. नवं बसवताना आतल्या रिंगेइतक्या व्यासाचा पाइप घेऊन फक्त आतल्या रिंगेवर ठोके द्या. बाहेरच्या रिंगेवर हातोडा पडला की आतल्या गोळ्यांच्या वाटेत खड्डे पडतात आणि नवं बेरिंग पहिल्याच दिवशी खरखरतं. पुलर नसेल तर एवढं काम वर्कशॉपमध्ये करून घ्या.

झाकणातली जागा झिजून बेरिंग सैल बसत असेल तर काही कारागीर तिथं पंचानं ठिपके मारून देतात. ते फार टिकत नाही. तसं झाकण बदलून घ्या, किंवा मिळत नसेल तर पंखाच बदला.

तपासा: झाकणाचे स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे आवळा. प्रत्येक वेळी शाफ्ट बोटानं फिरवून बघा. कुठल्याही क्षणी जड झाला तर झाकण तिरकं बसतंय, पुन्हा सैल करा.

## ८. वाइंडिंग

बेरिंग मोकळं, कंडेन्सर नवा, व्होल्टेज ठीक, तरी पंखा अर्ध्या तासानं मंदावतो आणि मोटरवर हात ठेववत नाही, तर वाइंडिंग. (नुसती कोमट मोटर हा दोष नाही.) मोटरच्या तीन वायरींत दोन-दोनचा ओहम मोजा. तीन आकडे येतील, त्यातला सगळ्यांत मोठा बाकी दोघांच्या बेरजेइतका असायला हवा. एखादी जोडी काहीच दाखवत नसेल तर तार तुटली. तिन्हींपैकी कुठलीही वायर आणि मोटरचं लोखंडी अंग यांच्यात मीटरनं आकडा दाखवला तर तो पंखा पुन्हा करंटला लावू नका, अंगाला शॉक बसेल.

रिवाइंडिंग करून घेताना जुनी तार किती गेजची होती आणि किती वेढे होते ते मोजून तसंच करा, असं स्पष्ट सांगा. रिवाइंड केलेला पंखा पहिल्यासारखा फिरत नाही, त्याचं कारण बहुतेकदा इथंच असतं.

## टेबल फॅन

टेबल फॅनमध्ये बहुधा बेरिंगऐवजी बुश आणि भोवती नमद्याची चकती असते. इथं मात्र तेल लागतं. शिलाई मशीनचं पातळ तेल, दोन-तीन थेंब, बास. त्याआधी पातं काढून शाफ्टला गुंडाळलेले केस आणि दोरे कापून काढा, निम्म्या वेळा दोष तेवढाच असतो.

## पुरात बुडालेला पंखा

२०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेकाठच्या घरांत पंखे पाण्याखाली गेले. असा पंखा वरून कोरडा दिसला तरी "चालतोय का बघू" म्हणून बटण दाबू नका. आत गाळ आणि ओल असते. पंखा उघडून गाळ स्वच्छ पाण्यानं काढा, बेरिंग आणि कंडेन्सर न तपासताच फेकून द्या. वाइंडिंग नुसतं उन्हात ठेवून पूर्ण वाळत नाही, म्हणून ते वाइंडरकडे भट्टीत वाळवून घ्या आणि मेगर (वाइंडिंगमधून करंट अंगाला गळतो का ते मोजणारा मीटर) लावून बघायला सांगा. मेगरवर २ मेगाओहमच्या खाली दाखवलं तर पुन्हा वाळवायचं, आणि तरीही वर आलं नाही तर रिवाइंड. स्विचबोर्ड बुडाला असेल तर तो रेग्युलेटरसकट नवा बसवून घेतल्यावरच पंखा टांगा.